आयपी पत्त्यांची वाटणी: मोठ्या संस्थांच्या नेटवर्कवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बँका, हॉस्पिटलं, कॉलेजं, सरकारी कार्यालयं, कारखाने. जिथे हजार-दोन हजार उपकरणं नेटवर्कवर आहेत आणि आयटीत माणसं मात्र चार आहेत, अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं मुंबईची घेतली आहेत. गणित कुठेही तेच.

पत्ते संपले म्हणतात. मग आमच्या प्रोव्हायडरने परवाच नवीन स्टॅटिक आयपी कसा दिला?

संपला तो कोरा साठा. आयपीव्ही ४, म्हणजे आपली नेहमीची आयपी पत्त्यांची पद्धत, तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक पातळीवर हा साठा सांभाळणाऱ्या आयानाने ३ फेब्रुवारी २०११ रोजी शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून टाकले. आपला विभाग एपनिकचा, त्यांचं ऑफिस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. एपनिक १५ एप्रिल २०११ रोजीच आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली. तो गठ्ठा १०३ ने सुरू होणारा. तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने गेल्या काही वर्षांत स्वतःचे पत्ते घेतले असतील तर ते १०३ ने सुरू होत असण्याची शक्यता दाट आहे.

प्रोव्हायडरने तुम्हाला दिला तो त्याच्या आधीच्या साठ्यातला, बहुधा दुसऱ्या कुणाचं कनेक्शन बंद झालं म्हणून मोकळा झालेला.

४२९ कोटी पत्ते गेले कुठे?

बरेचसे पहिल्या दहा-बारा वर्षांतच नको तितक्या मोठ्या तुकड्यांत गेले. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत पत्त्यांचे तीनच माप होते. क्लास ए म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते, क्लास बी म्हणजे ६५,५३६, क्लास सी म्हणजे २५६. मधलं काही नाही. ज्याच्याकडे तीनशे कॉम्प्युटर त्याला क्लास सी अपुरा, म्हणून तो क्लास बी मागायचा आणि मिळायचाही. ६५ हजारांतले ६५ हजार पडून.

क्लास ए मिळालेल्यांच्या यादीत फोर्ड, ॲपल, जनरल इलेक्ट्रिक, एमआयटी, स्टॅनफर्ड, अमेरिकेचं टपाल खातं अशी नावं होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे दहाहून अधिक गठ्ठे आहेत. यात लबाडी नव्हती. इंटरनेटच्या मूळ रचनाकारांपैकी एक विंट सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की ३२ बिट एका प्रयोगासाठी ठरवले होते, आणि तो प्रयोग कधी संपलाच नाही. तेव्हा मागणारे मोजके होते आणि वाटणाऱ्या जॉन पोस्टेल यांच्याकडे साधी यादी असायची. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं, तोवर हे मोठे तुकडे कधीच वाटून झाले होते.

१९९३ मध्ये सायडर ही क्लासशिवाय वाटणीची पद्धत आली. तिथून पुढे हवा तो स्लॅश लावून तुकडा करता येऊ लागला. स्लॅशपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले, तो जितका मोठा तितका तुकडा लहान. तीनशे कॉम्प्युटरवाल्याला /२३ दिला की ५१२ मध्ये काम भागतं. आज आपण सहज /२६, /२९ म्हणतो ते तेव्हापासून. पण आधी वाटलेलं आपोआप परत आलं नाही.

मग ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांच्याकडून काढून का घेतले नाहीत?

काढून घ्यायला करारच नव्हता. सुरुवातीचे ब्लॉक एका अर्जावर, कुठल्याही अटीशिवाय दिलेले. १९९६ मध्ये आरएफसी १९१७ मधून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे आणि सूचनांचे क्रमांक दिलेले जाहीर कागद) रीतसर आवाहन झालं की न वापरलेले पत्ते परत करा. स्टॅनफर्डने २००० साली आपला आख्खा क्लास ए परत केला. त्यासाठी त्यांना स्वतःच्या कॅम्पसमधल्या हजारो मशिनांचे पत्ते बदलावे लागले, आणि बदल्यात फक्त शाबासकी. इंटरऑप या नेटवर्किंग प्रदर्शनवाल्यांनीही २०१० मध्ये आपल्या गठ्ठ्याचा जवळपास सगळा भाग परत केला.

पुढे पत्त्यांना भाव आला आणि परत करणारे दिसेनासे झाले. एमआयटीने २०१७ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या १.६ कोटींपैकी १.४ कोटी पत्ते कधी वापरलेच गेले नाहीत, आणि किमान ८० लाख ते विकणार आहेत. घेणारी ॲमेझॉन. माझ्या मते यात वाईट काही झालं नाही. आवाहनाने जे वीस वर्षांत हललं नाही ते पैशाने हललं, पत्ते वापरात आले. वाईट इतकंच की जो फुकट मिळवून बसला होता त्यालाच पैसे मिळाले.

आणि सगळं परत आलं असतं तरी फार पुरलं नसतं. शेवटच्या काळात एक आख्खा /८, म्हणजे एक क्लास ए, जगाला जेमतेम महिनाभर पुरत होता.

२४० ते २५५ ने सुरू होणारे पत्ते राखीव आहेत ना? ते का नाही उघडत?

२६ कोटींहून जास्त आहेत ते. पण जगातल्या असंख्य राउटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम असा पत्ता दिसला की पॅकेट टाकून देतात. सगळं अपडेट होईपर्यंत थांबायचं असेल तर तेवढ्या वेळात आयपीव्ही ६, म्हणजे कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत, रुळून जाईल.

आम्ही आत १०.x वापरतो. खाजगी पत्ते फुकट, कोट्यवधी. मग काटकसर कशाला?

संख्येसाठी नको, पण शिस्तीसाठी हवी.

आरएफसी १९१८ ने १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी तीन पट्टे कायम केले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. त्याआधी १९९४ मध्येच काही जाणत्यांनी आरएफसी १६२७ लिहून विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, सगळेच तेच पत्ते वापरतील आणि दोन संस्था एकत्र आल्या की आपटतील. त्यांचं ऐकलं गेलं नाही, पण म्हणणं खरं निघालं. सहकारी बँकांच्या विलीनीकरणात नेटवर्कवाल्यांना हे दर वेळी भोगावं लागतं. दोघांचंही मुख्य कार्यालय १९२.१६८.१.० वर, दोघांचाही कोअर बँकिंगचा सर्व्हर .१० वर. मग दोन्ही बाजूंनी नॅट (वाटेत पत्ता बदलून देणारी सोय) लावून वर्षभर काढायचं आणि कुठला .१० बिघडला हे रात्री दोन वाजता ओळखायचं.

एक साधा उपाय. १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १०.०.० यांना हात लावू नका. घरच्या वायफाय राउटरपासून सगळे तिथूनच सुरुवात करतात, आणि घरून व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्याचा घरचा पत्ता ऑफिसच्या पत्त्याशी तिथेच भिडतो.

नव्वद शाखा आहेत. वाटणी प्रत्यक्षात कशी करायची?

समजा दादरला मुख्य कार्यालय असलेली सहकारी बँक आहे. मुंबईत ५२ शाखा, ठाणे-रायगडात २१, पुणे-सातारा पट्ट्यात १७. डेटा सेंटर ऐरोलीला.

शाखांसाठी १०.२०.०.०/१७ बाजूला काढा. यात १२८ शाखांना प्रत्येकी एक /२४ बसतो. आता हा तुकडा भूगोलाप्रमाणे तोडायचा. मुंबईला १०.२०.०.०/१८, म्हणजे तिसरा आकडा ० ते ६३. ठाणे-रायगडला १०.२०.६४.०/१९, म्हणजे ६४ ते ९५. पुणे-साताऱ्याला १०.२०.९६.०/१९, म्हणजे ९६ ते १२७. प्रत्येक पट्ट्यात नव्या शाखांना जागा उरते, आणि डेटा सेंटरच्या राउटरला नव्वद रूट (मार्ग) शिकवण्याऐवजी तीन पुरतात. फायरवॉलचे नियमही तीन ओळींत येतात.

शाखेच्या आतली रचना सगळीकडे एकसारखी ठेवा. पहिला /२६ काउंटर आणि बॅक ऑफिसच्या पीसींना, ६२ वापरता येतात. ६४ पासून एक /२७ फोन आणि प्रिंटरला. ९६ पासून दुसरा /२७ कॅमेऱ्यांना. १२८ पासून /२८ एटीएमला. १४४ च्या पुढचं सगळं मोकळं सोडा आणि कुणी कितीही गळ घातली तरी ते दुसऱ्या शाखेला देऊ नका. शाखा क्रमांक सात असेल तर तिचा पत्ता १०.२०.७ असू द्या. रात्रपाळीच्या माणसाला १०.२०.७.१३१ दिसलं की तक्ता न उघडता कळतं, सात नंबरच्या शाखेचं एटीएम.

शाखा ते डेटा सेंटर लीज लाइनला /३० देण्याची सवय आहे. चार पत्ते जातात, दोन वापरले जातात. आरएफसी ३०२१ येऊन वीस वर्षांवर झाली, /३१ बहुतेक सगळ्या राउटरवर चालतो. आत खाजगी पत्त्यांवर फरक पडत नाही. पब्लिक पत्त्यांवर लिंक चालवत असाल तर निम्मे वाचतात.

पण या रचनेत ३२,७६८ पैकी चारेक हजारच पत्ते वापरात. ऑडिटर म्हणतो वापर फक्त १२ टक्के!

ऑडिटरला सांगा, सगळ्या पायऱ्यांवर टक्केवारी लावायची नसते.

हा प्रश्न आधी टेलिफोनवाल्यांना पडला होता. मुंबईतल्या लँडलाइन नंबरांपुढे २ लागून ते आठ आकडी झाले, तेव्हा सात आकड्यांतले सगळे नंबर वाटून संपले होते असं नाही. पण आकड्यांची विभागणी एक्सचेंजप्रमाणे होती. एका एक्सचेंजमध्ये नंबर उरलेले आणि दुसरीकडे रांग. ख्रिश्चन व्हितेमा यांनी १९९४ मध्ये अशाच टेलिफोन नंबरांच्या आणि नेटवर्कच्या उदाहरणांवरून मोजमाप बसवलं. २००१ मध्ये आरएफसी ३१९४ ने ते सुधारून एचडी गुणोत्तर आणलं: वापरातल्या पत्त्यांचा लॉग भागिले एकूण पत्त्यांचा लॉग. ८० टक्क्यांपर्यंत आरामात चालतं, ८७ च्या आसपास व्यवहारातली कमाल मर्यादा येते.

आपल्या बँकेला लावून बघा. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. त्याचे ८० टक्के म्हणजे बारावा घात, ४,०९६. नव्वद शाखा गुणिले पंचेचाळीस उपकरणं म्हणजे ४,०५०. अगदी आरामाच्या टोकावर. ८७ टक्क्यांना आकडा येतो साडेआठ हजारांच्या आसपास, म्हणजे साध्या टक्केवारीत २६. तिथे पोचेपर्यंत तुम्ही शाखांचे पत्ते इकडून तिकडे हलवायला लागलेले असाल.

जितक्या पायऱ्या जास्त, तितकी प्रत्येक पायरीवर थोडी जागा सुटते. खाजगी पत्त्यांत ती खुशाल सुटू द्या. पब्लिकमध्ये ही चैन परवडत नाही, कारण तिथे नोंदणी संस्था पुढचा ब्लॉक देताना आधीच्या ब्लॉकचा ८० टक्के वापर दाखवा असं साधं सरळ मागत आल्या आहेत.

पब्लिक पत्ते नक्की किती लागतात?

वाटतात त्याहून कमी. वर सांगितलेल्या बँकेला नेट बँकिंग, मोबाइल ॲप, मेल, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय), व्हीपीएन, बाहेर जाणाऱ्या नॅटचा छोटा पूल आणि दुसऱ्या सेंटरला याचीच जोडी धरून चाळीस ते साठ. प्रत्येक वेबसाइटला वेगळा पब्लिक आयपी हवा ही समजूत जुन्या काळची. एचटीटीपीएसमध्ये एसएनआयची, म्हणजे कुठली साइट हवी ते जोडणी सुरू होतानाच सांगण्याची, सोय २००३ मध्ये आली. एका पत्त्यामागे रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली मागणी योग्य साइटकडे धाडणारा सर्व्हर) ठेवून पन्नास साइट चालतात.

कर्मचाऱ्यांच्या ब्राउझिंगसाठी एका पब्लिक पत्त्यावर काही शे माणसं आरामात बसतात. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट (जोडण्या वेगळ्या ओळखण्याचे आकडे), एका माणसाला एका वेळी दीड-दोनशे धरले तरी हिशेब जुळतो.

साठच लागतात तर साठच घ्या, असं मात्र करता येत नाही. दोन वेगळ्या प्रोव्हायडरकडून लाइन घेऊन एक पडली तरी पत्ते तेच राहावेत असं हवं असेल, तर स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपलं नेटवर्क ओळखण्याचा क्रमांक) आणि किमान /२४, म्हणजे २५६ पत्ते लागतात. त्याहून लहान तुकडा जगातले बहुतेक प्रोव्हायडर ऐकूनच घेत नाहीत.

ही /२४ ची अट कशाला? यानेच तर नासाडी होते.

होते. पण इंटरनेटच्या मुख्य राउटरांना जगातला प्रत्येक ब्लॉक कुठल्या दिशेला आहे हे पाठ ठेवावं लागतं. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ही यादी ५,१२,००० च्या वर गेली आणि बऱ्याच जुन्या राउटरांची मेमरी तेवढ्यावरच संपत असल्याने ठिकठिकाणी नेट कोलमडलं. आज यादी दहा लाखांच्या घरात आहे. /२९ पर्यंत सगळं चालू दिलं तर काय होईल याचा अंदाज करा. पत्ते वाचवायचे की राउटर, यात राउटर जिंकले.

आमच्याकडे जुना /२२ आहे. किती वापरात आहे कुणालाच माहीत नाही. शोधायचं कसं?

बहुतेकांची खरी टंचाई ही असते. पत्ते असतात, नोंद नसते. एक एक्सेल फाइल असते, तिचं नाव फायनल, मग फायनल नवीन, मग फायनल नवीन सुधारित, आणि तीनही वेगवेगळ्या माणसांच्या लॅपटॉपवर.

पिंग करून उत्तर नाही म्हणजे मोकळा, असं धरू नका. निम्म्या फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाहीत. राउटरचा एआरपी तक्ता (कुठला आयपी कुठल्या मशिनचा), स्विचवरचा मॅक तक्ता (कुठलं मशिन कुठल्या खोबणीत) आणि फायरवॉलचे ट्रॅफिक लॉग एकत्र ठेवून बघा. नॅटचे नियम वेगळे तपासा, कारण बरेच पब्लिक पत्ते मशिनवर नसतातच, फायरवॉलच्या एका विसरलेल्या ओळीत असतात. डीएनएसमध्ये कुठलं नाव त्या पत्त्याकडे बोट दाखवतंय तेही बघा.

आणि मार्चअखेर धरून किमान एक तिमाही निरखा. वर्षअखेरीचा सर्व्हर अकरा महिने झोपतो आणि ३१ मार्चला जागा होतो. त्याचा पत्ता फेब्रुवारीत काढून घेतलात तर त्या रात्री फोन तुम्हालाच येणार. संशयित पत्ता थेट दुसऱ्याला देऊ नका. आधी फायरवॉलवर बंद करा, महिनाभर वाट बघा, कुणी ओरडलं नाही तर मोकळा धरा.

नोंदीसाठी नेटबॉक्स किंवा पीएचपी-आयपॅम, दोन्ही फुकट. कुठलंही घ्या. दर नोंदीपुढे माणसाचं नाव न लिहिता खात्याचं नाव लिहा, माणसं बदलीवर जातात.

लागले तर विकत घ्यावेत, भाड्याने घ्यावेत, की अर्ज करावा?

आधी अर्ज. भारतात तो निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) अंतर्गत चालणाऱ्या आयआरआयएनएन या देशाच्या आयपी नोंदणी संस्थेकडे जातो. एपनिकच्या शेवटच्या साठ्यातून नव्या सदस्याला २०१९ पासून जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते. मध्यम संस्थेला हे भरपूर झाले.

विकतचा बाजार खरा आहे. नॉर्टेल ही कॅनडाची दूरसंचार कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. नंतर भाव त्याच्या चौपटीवर जाऊन आला. क्लाउडवर तर मीटर चालू आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही ४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावते. वर्षाचे जवळपास ४४ डॉलर. एखाद्या प्रोजेक्टने उगाच उचललेले शंभर पत्ते म्हणजे ४,४०० डॉलर, आणि ते बिलात कुठल्या ओळीत आहेत हे कुणी बघत नाही.

विकत किंवा भाड्याने घेताना त्या ब्लॉकचा इतिहास बघा. आधीच्या मालकाने तिथून स्पॅम पाठवला असेल तर तुमचे मेल ब्लॅकलिस्टमध्ये अडकतील. ठिकाणाची नोंद जुनी असेल तर तुमच्या अंधेरीच्या ऑफिसातून उघडलेली साइट तुम्हाला युरोपात समजेल. भाड्याच्या ब्लॉकवर आरपीकेआयची नोंद, म्हणजे तो ब्लॉक कुठल्या एएसने जाहीर करायचा याची सही असलेली नोंद, कोण करणार हे करारात लिहून घ्या. मालकाने दुसऱ्या एएसच्या नावाची नोंद ठेवली तर तुमचा रूट अनेक प्रोव्हायडर फेकून देतात.

सीजी-नॅट घेतलं तर चालेल का?

प्रोव्हायडरच्या आतला तो प्रकार आहे, अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवणारा नॅट. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखला. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला चालेल, पण बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत कुणाला यायचं असेल तर नाही.

स्वतःच मोठा नॅट चालवत असाल तर लॉग जपा, पोर्ट आणि वेळेसकट. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवायला सांगितलंय. पोर्ट न नोंदवलेला नॅट लॉग चौकशीत काही कामाचा नाही. हजार माणसांचा पत्ता एकच, त्यातला कोण ते कसं सांगणार?

आयपीव्ही ६ आलं की हे सगळं संपलं ना?

मोजणी संपते, आखणी नाही. जिओ २०१६ मध्ये आली ती आयपीव्ही ६ वरच उभी राहून, आणि म्हणून भारत या बाबतीत जगात पुढच्या रांगेत आहे. तुमच्या ग्राहकांचे मोबाइल बहुधा आधीच आयपीव्ही ६ वर आहेत. मागे राहिलंय ते तुमचं ऑफिस.

इथे पत्ते मोजायचे नाहीत, सबनेट मोजायचे. एका सबनेटला /६४, बस. त्यात दोन मशिनं असोत की दोनशे. संस्थेला /४८ मिळाला तर ६५,५३६ सबनेट हातात येतात. प्रत्येक शाखेला /५६ द्या, म्हणजे शाखेला २५६ सबनेट आणि अशा २५६ शाखा. जुन्या सवयीने /१२० कापत बसू नका, पत्ता आपोआप बसवण्याची सोय /६४ खाली चालत नाही. चार-चारच्या बिटांवरच तोडा, म्हणजे पत्ता वाचताना शाखेचा आकडा सरळ दिसतो.

आमच्या ऑफिसात चाळीसच माणसं आहेत.

मग एक स्टॅटिक आयपी आणि एक /२४ खाजगी पट्टा. बाकीचं पान सोडून द्या.

कंपनीचं नाव बदललं. ब्लॉक अजून जुन्या नावावर आहे. बिघडतं का?

रोजच्या कामात नाही, म्हणूनच राहून जातं. बिघडतं ते नोंदणीच्या खात्यात शिरायचं असेल तेव्हा. पासवर्ड विसरला, मेल जातो जुन्या डोमेनवर, आणि ते डोमेन कुणी नूतनीकरण न केल्याने तिसऱ्याच माणसाच्या हातात. असे अनाथ ब्लॉक हेरून बनावट कागदांवर आपल्या नावे करून घेणारे लोक जगभर आहेत.

नावबदलाचं प्रमाणपत्र, विलीनीकरणाचा आदेश असेल तर त्याची प्रत आणि संचालकांच्या सहीचं पत्र घेऊन नोंद आत्ताच बदलून घ्या. संपर्काचा मेल व्यक्तीच्या नावाचा न देता खात्याचा द्या. वार्षिक शुल्काचं बिल अकाउंट्सकडे जातं की कुणाच्या जुन्या मेलबॉक्सात, तेही त्याच दिवशी विचारा.